स्पार्ताक मॉस्को : 'जनतेचा क्लब' खरंच जनतेचा होता का?

लाल_पट्टा (धागाकर्ता)

सोव्हिएत काळातल्या मॉस्कोत एखाद्या फुटबॉल क्लबाचं नाव काढलं की त्याच्या पाठीशी कोणतं सरकारी खातं आहे हे वेगळं सांगावं लागत नसे. दिनामो गृहखात्याचा, म्हणजे साध्या आणि गुप्त अशा दोन्ही पोलिसांचा. त्सेएसका लष्कराचा. लोकोमोतिव रेल्वेचा. तॉर्पेदो मोटार कारखान्याचा. स्पार्ताकच्या पाठीशी होत्या कारागिरांच्या उत्पादक सहकारी संस्था आणि कामगार संघटना. त्यात न्हावी, शिंपी, वेटर, दुकानातले विक्रेते असे लोक. कुणाच्या हातात बंदूक नाही, कुणाला कुणाला अटक करायचा अधिकार नाही. 'जनतेचा संघ' हे बिरुद स्पार्ताकला चिकटलं ते इथूनच. आजही रशियात सर्वाधिक चाहते असलेल्या क्लबांत त्याची गणना होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पार्ताक बंडखोर वगैरे काही नव्हता. त्यालाही वरच्या वर्तुळातला वशिला लागायचाच, आणि तो मिळतही होता. फरक इतकाच की पोलीस दिनामोचे असत, सैनिक त्सेएसकाचे असत, स्पार्ताकचं मात्र कुणी नोकरी म्हणून नसे. जो असे तो आपल्या मर्जीने.

आता गोष्ट. मॉस्कोच्या पश्चिमेला प्रेस्न्या नावाची कामगारवस्ती. १९०५ च्या उठावात बॅरिकेड्स उभारून लढलेली, म्हणून पुढे 'क्रास्नाया', म्हणजे लाल प्रेस्न्या. तिथल्या पोरांनी १९२२ मध्ये 'मॉस्को क्रीडा मंडळ' काढलं. त्यांत पुढे होता निकोलाय स्तारोस्तिन, वय वीस. वडील शिकारी मंडळींचे वाटाडे होते, ते १९२० मध्ये वारले आणि घरची जबाबदारी निकोलायवर आली. पाठचे तीन भाऊ अलेक्सान्द्र, आंद्रेय आणि प्योत्र. उन्हाळ्यात फुटबॉल, हिवाळ्यात बर्फावरची हॉकी, आणि दोन्हींवर घर चालवायचं. चौघेही पुढे स्पार्ताककडून खेळले. निकोलाय तर सोव्हिएत संघाचा कर्णधारही झाला.

मंडळाला पैसा हवा, मैदान हवं. निकोलाय खेळाडू म्हणून चांगला होताच, पण त्याची खरी करामत माणसं जोडण्यात. १९२६ मध्ये त्याने अन्नप्रक्रिया कामगारांच्या संघटनेला पटवलं आणि क्लब झाला 'पिश्चेविकी'. मग काही काळ दुकात या सिगारेट कारखान्याचा आश्रय, मग सहकारी संस्थांचा. १९३५ मध्ये कोम्सोमोलचा, म्हणजे कम्युनिस्ट युवक संघटनेचा प्रमुख अलेक्सान्द्र कोसारेव पाठीशी उभा राहिला आणि 'स्पार्ताक' या नावाची क्रीडासंस्था जन्माला आली. नाव अर्थातच रोमविरुद्ध उठलेल्या त्या गुलाम ग्लॅडिएटरचं. ते कसं सुचलं याच्या दंतकथा तीन-चार आहेत, त्यांत शिरत नाही.

पुढच्या वर्षी देशात साखळी स्पर्धा सुरू झाली. १९३६ मध्ये वसंत आणि शरद अशा दोन स्पर्धा झाल्या. पहिली दिनामोने जिंकली, दुसरी स्पार्ताकने. मॉस्कोची ही जुंपली ती कायमची.

त्याच १९३६ च्या जुलैतला किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेड स्क्वेअरवर खेळाडूंचं मोठं संचलन होतं आणि कोसारेवच्या डोक्यात आलं की स्टालिनला तिथेच फुटबॉल दाखवायचा. कारण स्टालिनने सामना कधी पाहिलेलाच नव्हता. फरसबंदीवर खेळणार कसं? तर जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, अख्खा चौक झाकेल असा हिरवा गालिचा शिवला आणि संचलन चालू असताना उलगडला. आधी दिनामोही खेळणार होता, पण चेंडू क्रेमलिनच्या भिंतीवर किंवा त्याहून वाईट ठिकाणी गेला तर काय, या भीतीने तो बाजूला झाला. मग स्पार्ताकचा पहिला संघ विरुद्ध स्पार्ताकचाच राखीव संघ. स्तारोस्तिनने आठवणींत लिहिलंय की कोसारेव स्टालिनजवळ हातात पांढरा रुमाल घेऊन उभा होता. साहेब कंटाळले की रुमाल हलवायचा आणि खेळ बंद. ठरला होता अर्धा तास, चालला ४३ मिनिटं. सगळे गोल आधीच ठरलेले होते : डोक्याने एक, पेनल्टीचा एक, कॉर्नरवरून एक, असं सगळं खेळाचं प्रदर्शन.

१९३८ आणि १९३९, दोन्ही वर्षी साखळी आणि चषक दोन्ही स्पार्ताककडे. आणि इथेच माशी शिंकली. १९३८ च्या अखेरीस गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला लाव्रेन्ती बेरिया. जॉर्जियाचा माणूस, तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेला, दिनामोचा मानद प्रमुख आणि त्बिलिसीच्या दिनामोवर विशेष जीव. १९३९ च्या चषकात उपांत्य फेरीत स्पार्ताकने त्बिलिसीला १-० हरवलं. गोल वादग्रस्त होता, चेंडू रेषेपार गेला की नाही यावर भांडण. तक्रार फेटाळली गेली, अंतिम सामना झाला, स्पार्ताकने लेनिनग्राडच्या संघाला ३-१ हरवून चषक घरी नेला. आणि त्यानंतर वरून हुकूम आला की उपांत्य सामना पुन्हा खेळा!

अंतिम सामना झाल्यानंतर उपांत्य सामना. ३० सप्टेंबरला तो झाला, स्पार्ताकने ३-२ जिंकला. बेरिया प्रेक्षकांत होता आणि सामना संपताच खुर्ची लाथाडून निघून गेला, असं स्तारोस्तिन लिहितो.

तोवर कोसारेव उरला नव्हता. फेब्रुवारी १९३९ मध्येच त्याला गोळी घातली होती. मार्च १९४२ मध्ये चारही भावांना अटक झाली. मॉस्कोवर युद्धाची छाया असताना हे चौघे लुब्यांकाच्या तुरुंगात, आरोप काय तर स्टालिनच्या हत्येचा कट. तो काही टिकेना. शेवटी १९४३ मध्ये प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि निकालपत्रात एक कलम होतं ते भांडवलदारी खेळाची स्तुती करून सोव्हिएत खेळात तसल्या चालीरीती घुसवल्याचं.

छळछावणीतला फुटबॉल, वासिली स्टालिन आणि नंतरचं सगळं प्रतिसादांत घेऊ. इतकं टंकून हात दुखले.

अनुजा_कि

जबरदस्त. गालिच्याचा किस्सा माहीत नव्हता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पेठेतला_सेंटर

लई भारी लिवलंय. आमच्या कोल्हापुरात हे वाचताना कुणालाच परकं वाटायचं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा... हितं पण क्लब म्हंजे आधी तालीम, मग पेठ, मग फुटबॉल. चार भाऊ एका संघात आन् मॅच हरली की आठवडाभर गल्लीत कुणी कुणाशी बोलत न्हाई.

मला एक सांगा, हा निकोलाय संघाचा मॅनेजर का कोच? पैशाचं कोण बघायचं?

लाल_पट्टा

@पेठेतला_सेंटर, कोच नव्हे. खेळणं थांबल्यावर तो कायम 'संघप्रमुख' होता. खेळाडू शोधणं, त्यांना मॉस्कोत घर मिळवून देणं, वरच्या साहेबांना सांभाळणं, सहल-हॉटेल-तिकिटं, ही सगळी कामं त्याची. कोच येत-जात राहिले. अधिकृतपणे सोव्हिएत खेळाडू हौशी होते, पगार कुठल्यातरी कारखान्यातल्या कागदोपत्री नोकरीचा. ती व्यवस्था ज्याला जमली त्याचा संघ टिकला. निकोलायला ती सर्वांपेक्षा चांगली जमत होती.

शंकेखोर

लेख छान, पण थोडं पाणी घालतो.

या कथेचा बराचसा भाग एकाच माणसाच्या आठवणींवर उभा आहे, आणि तो माणूस स्वतः नायक आहे. आठवणी छापून आल्या त्या पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे गोर्बाचेवच्या सुधारणांच्या काळात. तेव्हा बेरियाला शिव्या घालणं सर्वांत सुरक्षित काम होतं. १९४३ च्या खटल्यात फक्त 'भांडवलदारी खेळाची स्तुती' नव्हती. क्रीडासंस्थेच्या मालाची अफरातफर, ओळखीच्या लोकांना लष्करभरतीतून सोडवणं असेही आरोप होते. ते खरे होते असं मी म्हणत नाही, त्या काळात कबुलीजबाब कसे मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या माणसाने युद्धाच्या आधी मॉस्कोत इतकं मोठं साम्राज्य उभं केलं, त्याचे सगळे व्यवहार काचेसारखे स्वच्छ असतील हे मला पटत नाही.

दुसरं. १९३७ मध्ये बास्क देशाचा संघ सोव्हिएत दौऱ्यावर आला. स्पेनमध्ये यादवी चालू होती, त्यासाठी पैसा आणि सहानुभूती गोळा करायला. त्यांनी लोकोमोतिवला धुतलं, दिनामोला दोनदा हरवलं. अख्ख्या दौऱ्यात हरले ते फक्त स्पार्ताककडून, ६-२. मोठी कामगिरी. पण त्या दिवशी स्पार्ताकने इतर क्लबांतले खेळाडू उसने घेतले होते आणि पंच कोण, तर स्पार्ताकच्याच गोटातला कोस्माचेव. २-२ असताना त्याने जी पेनल्टी दिली तिच्यावरून बास्क खेळाडू मैदान सोडायला निघाले होते. म्हणजे दिनामोने पोलीस वापरले आणि यांनी पंच वापरला. जनता कुठे आली यात?

लाल_पट्टा

@शंकेखोर, पंचाचा मुद्दा मान्य, त्यावर कधी वाद नव्हताच. पण त्या सामन्याने दुसरंही काही घडवलं. बास्क संघ नव्या डब्ल्यू-एम पद्धतीने खेळत होता, मधल्या हाफला मागे खेचून तिसरा बचावपटू करायचा. सोव्हिएत संघ अजून जुन्या दोन बचावपटूंच्या मांडणीत अडकलेले. स्पार्ताकने त्या सामन्यासाठी आंद्रेय स्तारोस्तिनला मागे आणलं आणि ते जमलं. पुढच्या काळात अख्खा देश तसा खेळू लागला. उसने खेळाडू होतेच, पण डोकंही होतं.

आणि खटल्याबद्दल. मी म्हणालोच की वशिला सगळ्यांकडे होता. दिनामोचा आश्रयदाता स्पार्ताकच्या आश्रयदात्याला गोळी घालू शकत होता, उलटं मात्र होऊ शकत नव्हतं, हा तराजू तुम्ही कसा विसरता?

छावणीतल्या दिवसांचं सांगतो. चौघांना चार दिशांना पाठवलं. आंद्रेय थेट आर्क्टिक वृत्तापलीकडच्या नोरिल्स्कला. निकोलाय आधी उख्ता, मग अतिपूर्वेला खाबारोव्स्क आणि आमूर नदीकाठचं कोम्सोमोल्स्क. पण प्रत्येक छावणीच्या प्रमुखाला आपल्या दिनामो संघासाठी कोच हवा होता! कैद्यांना लाकूडतोडीला पाठवत, याला मैदानावर. अट्टल गुन्हेगारही रात्री त्याच्याभोवती बसून फुटबॉलच्या गोष्टी ऐकत, असं त्याने लिहिलंय. त्याला ज्या दिनामोवाल्यांनी आत टाकलं, त्याच दिनामोच्या गावोगावच्या संघांना शिकवून तो जगला.

१९४८ मध्ये त्याला मॉस्कोला बोलावलं ते स्टालिनचा मुलगा वासिली याने. वासिली हवाई दलात जनरल आणि हवाई दलाच्या क्लबाचं त्याला वेड. बेरियाची माणसं निकोलायच्या मागावर, त्याला मॉस्कोत राहायचा परवाना नाही. मग वासिलीने त्याला स्वतःच्या घरी ठेवलं. दोघे एकाच रुंद पलंगावर झोपायचे आणि वासिलीच्या उशाखाली रिव्हॉल्व्हर. शेवटी एका रात्री निकोलाय बायकामुलांना भेटायला खिडकीतून बाहेर पडला आणि पकडला गेला. पुन्हा हद्दपारी, अखेर कझाकस्तानात अल्मा-आताला. तिथेही फुटबॉलच.

स्टालिन गेला, बेरियाला गोळी घातली गेली, आणि १९५४ मध्ये स्तारोस्तिन बंधू सुटले. चौघेही जिवंत परत आले, हे त्या काळात किती दुर्मीळ होतं ते वेगळं सांगायला नको. १९५५ पासून निकोलाय पुन्हा स्पार्ताकचा प्रमुख.

कूपरेज_पूर्व_स्टँड

या टप्प्यावर आपल्याकडचा एक दुवा आहे तो टाकतो.

१९५६ ची मेलबर्न ऑलिंपिक्स. सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकलं आणि त्या संघात निम्म्याहून जास्त खेळाडू स्पार्ताकचे. कर्णधार इगोर नेत्तो, सेंटर फॉरवर्ड निकिता सिमोन्यान, तातुशिन, इसायेव, साल्निकोव, मास्लेन्किन, तिश्चेन्को. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धचा एकमेव गोल अनातोली इलीनचा, तोही स्पार्ताकचाच.

आता तो युगोस्लाव्हिया अंतिम फेरीत कसा पोचला? उपांत्य फेरीत भारताला ४-१ हरवून. त्या सामन्यात पहिला गोल भारताचा होता, नेव्हिल डिसूझाचा. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. आधीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल ठोकले होते आणि स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत त्याचं नाव बरोबरीत होतं. म्हणजे त्या दिवशी आघाडी टिकली असती तर नेत्तो-सिमोन्यानसमोर अंतिम सामन्यात आपला मुंबईकर उभा असता. जर-तर हे खरं, पण मुंबईच्या कूपरेज मैदानात बसणाऱ्या जुन्या लोकांना हा जर-तर फार प्रिय.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध तिश्चेन्कोचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बदली खेळाडूची पद्धत नव्हती. हात छातीशी बांधून तो तसाच खेळत राहिला आणि जादा वेळेत जो विजयी गोल झाला त्याच्या चढाईत त्याचा पास होता.

अनुजा_कि

सिमोन्यानने पदक दुसऱ्याला देऊ केलं होतं ते याच स्पर्धेत ना?

कूपरेज_पूर्व_स्टँड

हो. पदकं फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांनाच. तॉर्पेदोचा एदुआर्द स्त्रेल्त्सोव त्याआधीचे सामने खेळला, बल्गेरियाविरुद्ध बरोबरीचा गोलही त्याचा. अंतिम सामन्यात त्याच्या जागी सिमोन्यान आला. सिमोन्यान पदक घेऊन त्याच्याकडे गेला, त्याने घेतलं नाही. सिमोन्यानचे स्पार्ताकसाठी साखळीत इतके गोल आहेत की आजही क्लबाचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. १९५० च्या एका मोसमात ३४.

नेत्तोचा किस्साही राहू नये. १९६२ चा विश्वचषक, चिलीत, उरुग्वेविरुद्ध. चिस्लेन्कोचा फटका बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत गेला, पंचाने गोल दिला. नेत्तो पंचाजवळ गेला आणि खुणेने सांगितलं, गोल नाही. पंचाने गोल रद्द केला. सामना सोव्हिएत संघाने २-१ जिंकला म्हणून बरं. नाहीतर परतल्यावर काय झालं असतं!

पेठेतला_सेंटर

आमच्याकडं असं कुणी केलं तर त्याला परत पेठेत घेत न्हाईत :)

नाना_वसईकर

उशिरा वाचतोय. मी ऐंशीच्या दशकात शिकायला मॉस्कोत होतो, तेव्हा थोडं माझ्याकडूनही.

बाहेरून बघणाऱ्याला सोव्हिएत स्टेडियम फार शिस्तीचं वाटायचं. स्पार्ताकच्या पोरांनी सत्तरच्या दशकात पहिल्यांदा घरी विणलेले लाल-पांढरे मफलर आणायला सुरुवात केली, एकत्र घोषणा देऊ लागली, परगावी रेल्वेने जाऊ लागली. 'फनाती' हा शब्द तेव्हाचा. पोलिसांना हे खपत नसे. मफलर दिसला की काढून घे, ओरडला की बाहेर काढ. वसतिगृहातला माझा एक सोबती लाल-पांढरा मफलर कोटाच्या आत कमरेला गुंडाळून न्यायचा आणि गोल झाला की काढायचा.

२० ऑक्टोबर १९८२ बद्दल मात्र कुणी बोलत नसे. मी गेलो तेव्हा ते होऊन गेलं होतं, लुझ्निकीचं नाव काढलं की विषय बदलायचा. मला तपशील समजला तो १९८९ मध्ये, वृत्तपत्रांत आल्यावर.

यूएफा चषक, दुसरी फेरी, हॉलंडच्या हार्लेम संघाविरुद्ध. कडाक्याची थंडी, लवकर पडलेला बर्फ. एवढ्या प्रचंड स्टेडियमवर जेमतेम सोळा-सतरा हजार लोक, म्हणून त्यांना दोनच बाजूंना बसवलेलं. पूर्वेकडच्या स्टँडमधून मेट्रोकडे जाणारा जिना क्रमांक १. पायऱ्यांवर बर्फ आणि घसरडं. स्पार्ताक १-० पुढे, सामना संपत आलेला, म्हणून पोरं गाडी गाठायला उतरू लागली. जिन्यात कुणीतरी पडलं, पाठचे त्यावर पडले. त्याच सुमारास श्वेत्सोवने दुसरा गोल केला. पुढे बरीच वर्षं अशी समजूत होती की गोलचा आवाज ऐकून लोक परत वर धावले आणि दोन लोंढे आदळले. तपासात तसं निघालं नाही, चेंगराचेंगरी वरून येणाऱ्या गर्दीनेच झाली होती. श्वेत्सोव मात्र पुढे म्हणाला की तो गोल झाला नसता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या सायंदैनिकात दोन-तीन ओळी : लुझ्निकीवर अपघात, प्रेक्षकांपैकी काही जखमी. बस. मृतांचा अधिकृत आकडा ६६, त्यांतली बहुतेक शाळा-कॉलेजच्या वयाची. १९८९ च्या जुलैत 'सोवेत्स्की स्पोर्त'ने ३४० असा आकडा छापला आणि जगभर तोच फिरला. नंतर तपास अधिकाऱ्यांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनीही ६६ चीच यादी खरी धरली. शिक्षा झाली ती स्टेडियमच्या व्यवस्थापकाला, सक्तमजुरीची. गर्दीचा बंदोबस्त पोलिसांचा होता, पण त्यांच्या वरिष्ठांपैकी कुणाला हात लागला नाही.

@शंकेखोर, तुम्ही विचारलंत जनता कुठे आली. त्या जिन्यात होती ती.

शंकेखोर

नाना, तुमच्या या प्रतिसादापुढे वाद घालणार नाही. १९९२ मध्ये तिथे स्मारक उभारलं, २००७ मध्ये स्पार्ताक आणि हार्लेमच्या त्याच खेळाडूंनी लुझ्निकीवर स्मृतिसामना खेळला, एवढीच भर घालतो.

माझा मूळ मुद्दा मात्र कायम आहे. चाहते वेगळे आणि क्लब वेगळा. चाहते भोगतात म्हणून क्लबाच्या कारभाऱ्यांना पुण्य लागत नाही.

लाल_पट्टा

नानांच्या प्रतिसादानंतर खेळाकडे वळायला जड जातंय, पण सत्तरच्या दशकातली घसरण राहिलीय. तीही मजेशीर आहे.

१९७६ मध्ये स्पार्ताक पहिल्या श्रेणीतून खाली गेला. क्लबाच्या इतिहासात हे तेव्हाच एकदा झालं. आणि वर काढायला आणला कोण? कोन्स्तान्तिन बेस्कोव. दिनामोचा जुना फॉरवर्ड, १९४५ च्या प्रसिद्ध ब्रिटन दौऱ्यातला. चाहत्यांचा जळफळाट झाला. बेस्कोवने नावाजलेले खेळाडू बाजूला केले आणि कुठून कुठून पोरं उचलली. यार्त्सेव तर तेव्हा २८ वर्षांचा, खालच्या श्रेणीत गोल मारत बसलेला. अस्त्राखानहून गोलरक्षक रिनात दासायेव, क्लबाच्याच शाळेतला फ्योदोर चेरेन्कोव, जोडीला गाव्रिलोव. एका वर्षात परत वर, आणि १९७९ मध्ये थेट विजेतेपद.

लोक ज्याला स्पार्ताकचा खेळ म्हणतात तो खरं तर याच काळातला. चेंडू जमिनीवर, छोटे पास. पास दिला की उभं राहायचं नाही, पळत पुढे जाऊन परत घ्यायचा. गोलासमोर गर्दी असली तरी फटका न मारता अजून एक पास. 'स्तेन्का' म्हणतात त्याला, भिंतीवर चेंडू मारून परत घ्यावा तसा. सौंदर्याच्या नादात कित्येकदा हरलेही, ऐंशीच्या दशकात दुसऱ्या क्रमांकाची सवयच लागली होती. समोर असायचा कोच लोबानोव्स्कीचा दिनामो किएव, म्हणजे गणित, धाव आणि ताकद. या दोघांमधले सामने म्हणजे खेळ कसा असावा यावरचा वाद. आणि चेरेन्कोव! दोनदा देशाचा सर्वोत्तम खेळाडू, १९८३ आणि १९८९, तरी विश्वचषकाच्या एकाही संघात त्याला घेतलं नाही. सोव्हिएत फुटबॉलमधला सर्वांत आवडता माणूस कोण विचाराल तर आकडेवारी बाजूला ठेवून मी त्याचंच नाव घेईन.

१९८८ च्या अखेरीला बेस्कोव आणि म्हातारा स्तारोस्तिन यांचं बिनसलं आणि बेस्कोव गेला. त्याच्या जागी आला त्याचाच जुना कर्णधार ओलेग रोमान्त्सेव. १९८९ मध्ये किएवविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला श्मारोवने फ्री किक घातली, २-१, आणि विजेतेपद पक्कं.

१९९०-९१ चा युरोपियन चषक मी टेपवर पाहिलाय. मारादोनाचा नापोली मॉस्कोत आला. मारादोना संघाबरोबर आलाच नाही, मागून खासगी विमानाने आला, म्हणून बदली खेळाडू म्हणून उतरला. स्पार्ताकने पेनल्टींवर काढलं. मग माद्रिदला जाऊन रेआलला ३-१. उपांत्य फेरीत मार्सेय भारी पडलं.

अनुजा_कि

आणि सोव्हिएत युनियन गेल्यावर?

लाल_पट्टा

सुरुवातीला फायदाच झाला. किएव, त्बिलिसी, मिन्स्क सगळे दुसऱ्या देशांत गेले. रशियाच्या पहिल्या दहा विजेतेपदांपैकी नऊ स्पार्ताकची. फक्त १९९५ चं अलानिया व्लादिकावकाझचं. बाकीचे क्लब कंगाल आणि स्पार्ताककडे चॅम्पियन्स लीगचे डॉलर, हे त्यामागचं साधं कारण. १९९५ च्या शरदात चॅम्पियन्स लीगच्या गटात सहापैकी सहा सामने जिंकले, इंग्लंडचा विजेता ब्लॅकबर्नही त्यात. हिवाळ्यात महत्त्वाचे खेळाडू परदेशी गेले आणि मार्चमध्ये नांतकडून हरले. त्या दशकाचं हेच सूत्र : डिसेंबरपर्यंत युरोपात भारी, मार्चमध्ये नवीनच संघ.

पैसा आला तसं बाकीचंही आलं. जून १९९७ मध्ये क्लबाची महासंचालक लारिसा नेचायेवा हिची तिच्या गावाकडच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. निकोलाय स्तारोस्तिन हे बघायला उरला नव्हता, तो फेब्रुवारी १९९६ मध्ये ९३ व्या वर्षी गेला.

२००१ नंतर दुष्काळ. मालक बदलले, रोमान्त्सेव गेला, २००३ मध्ये कर्णधार तितोव उत्तेजक चाचणीत सापडून वर्षभर बाहेर. २००४ पासून ल्युकॉइल तेल कंपनीचा लिओनिद फेदून मालक. पुढचं विजेतेपद थेट २०१७ मध्ये, इटालियन कोच मास्सिमो कारेराच्या हाताखाली.

पेठेतला_सेंटर

आन् स्टेडियम? शंभर वर्सांचा क्लब म्हंजे सोताचं असंल की.

नाना_वसईकर

नव्हतं हो! हीच तर थट्टा. दिनामोचं होतं, लोकोमोतिवचं होतं, तॉर्पेदोचंही होतं. स्पार्ताक इकडेतिकडे भाड्याने, बहुतेक वेळा लुझ्निकीवर. स्वतःचं झालं ते २०१४ मध्ये, तुशिनोच्या जुन्या विमानतळावर. तिथलं मेट्रो स्टेशन सत्तरच्या दशकात अर्धवट बांधून बंद ठेवलेलं होतं. आमच्या वेळी गाडी तिथून न थांबता जायची, खिडकीतून अंधारातले खांब दिसायचे. ते पुरं करून 'स्पार्ताक' नावाने उघडलं. स्टेडियमबाहेर ग्लॅडिएटरचा भव्य पुतळा आणि आत मैदानाच्या कडेला चौघा स्तारोस्तिन भावांचा.

आणखी एक. विरोधक त्यांना 'मांस' म्हणून चिडवायचे, पिश्चेविकी काळातल्या खाटीकखान्यावरून. आता स्पार्ताकवालेच स्टँडमधून ओरडतात, 'आम्ही कोण? मांस!'

शंकेखोर

म्हणजे शेवटी काय, न्हावी-शिंप्यांचा क्लब तेल कंपनीचा झाला. २०२२ मध्ये फेदून बाजूला झाला आणि कारभार पूर्णपणे ल्युकॉइलकडे गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेन युद्धामुळे रशियन क्लबांना युरोपातून बाहेर काढलं, तेव्हा रशियाचा युरोपात उरलेला एकमेव क्लब स्पार्ताक होता, लाइपझिशविरुद्ध सामना ठरलेला. तो झालाच नाही. मेमध्ये रशियन चषक मात्र जिंकले, अंतिम सामन्यात समोर दिनामोच.

लाल_पट्टा

हो, आणि शेवटच्या क्षणाला दिनामोला पेनल्टी मिळाली होती, ती त्यांनी बाहेर घालवली. २-१.

तेल कंपनीचं म्हणाल तर मला त्याचं नवल वाटत नाही. सहकारी संस्था, सिगारेट कारखाना, युवक संघटना, तेल. स्तारोस्तिन आज असता तर त्यानेही ल्युकॉइलच्या साहेबांना जेवायला नेलं असतं. मी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय की क्लब कुणाच्यातरी आधारानेच उभा होता. तुम्ही आणि मी बहुतेक एकच म्हणतोय, फक्त तुम्ही ते रागावून म्हणताय.

शंकेखोर

रागावून नाही, दिनामोवाला म्हणून :) गोलरक्षक लेव याशिन ज्या क्लबाकडून आयुष्यभर खेळला त्याची ओळख फक्त 'बेरियाचा क्लब' अशी होते याचा त्रास होतो. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये चेल्सीशी ३-३, कार्डिफला १०-१, आर्सेनलला धुक्यात ४-३, रेंजर्सशी २-२. तेही न हरता. त्यावर वेगळा धागा काढतो या आठवड्यात.

पेठेतला_सेंटर

काढा काढा. धुक्यातल्या मॅचचं पैलं लिवा.